सासऱ्यांशेजारची खुर्ची

पप्पा, तुम्हाला एक विचारायचं आहे. बैठक व्यवस्थेची कोडी तुम्ही नेमकी कशी सोडवायचात? मी ते पाहिलेलं आहे, पण पाहणं वेगळं आणि समजणं वेगळं, हे मला कामावर रोज दिसतं. अंबडच्या एका कंपनीत मी विजेच्या मीटरमधलं सॉफ्टवेअर तपासते. मीटर चुकीचा आकडा दाखवतो आहे हे कोणालाही दिसतं. तो का दाखवतो, हे शोधण्याचा मला पगार मिळतो.

मला आठवतं ते असं. रविवारची सकाळ आहे. मम्मी पोहे परतते आहे. तुम्ही ओट्याजवळ फरशीवर पेपरची पुरवणी पसरून बसला आहात आणि मांडणीवरच्या वाट्या खाली उतरल्या आहेत. कोड्यात आठ जण गोल टेबलाभोवती बसले आहेत; कोणाच्या उजवीकडे कोण, कोणासमोर कोण, हे सूचनांवरून ठरवायचं. तुम्ही वाट्यांचं वर्तुळ करता, प्रत्येकीत नाव लिहिलेला कागदाचा कपटा टाकता, सूचना एकदाच वाचता आणि लगेच कोणाला तरी कुठेतरी बसवून टाकता. मी विचारते, ‘कशावरून?’ तुम्ही म्हणता, ‘कशावरून नाही. धरून चालू.’ चार सूचना बऱ्या जातात, पाचवीला गाडी अडते. मग तुम्ही वाटी उचलून तिच्यातल्या कपट्याशी बोलता, ‘उठा साहेब, ही जागा रिझर्व्ह आहे.’ मम्मी मागे न वळता म्हणते, ‘अहो, तुमच्या साहेबांपैकी तिघांना इकडे द्या. दही वाढायचंय.’

माझी पद्धत तेव्हाही वेगळी होती. मी तक्ता आखायचे. आडव्या ओळीत माणसं, उभ्या ओळीत जागा. जे अशक्य तिथे फुली मारायची. एका ओळीत एकच घर मोकळं राहिलं की तिथे बरोबरची खूण. त्यात अंदाजाला जागा नसते. आठवीत असताना एका रविवारी माझा तक्ता आधी पूर्ण झाला आणि मी उत्तर सांगून टाकलं. तुमच्या हातात वाटी होती. ती खाली ठेवून तुम्ही म्हणालात, ‘मला उत्तर कुणी मागितलं होतं?’ आवाज चढला नव्हता, तरी ते रागावणंच होतं. उत्तर नको असेल तर माणूस कोडं सोडवतो कशाला, असा मला खरोखरच प्रश्न पडला होता. पुढच्या आठवड्यात तुम्ही मेन रोडवरून आलेखाची जाड वही आणलीत. ‘तुला चौकोन लागतात ना,’ एवढंच म्हणालात.

इंजिनिअरिंगला असताना अशी कोडी सोडवणारा प्रोग्राम आम्हाला लिहायला दिला होता. त्यात आधी फुल्या मारायच्या असतात, माझ्यासारख्या. फुल्यांनी पुढे काहीच सरकेना, की एक जागा नुसती धरायची, पुढे जायचं, आणि विरोध आला की धरलं होतं तिथपर्यंत मागे यायचं. सरांनी फळ्यावर बॅकट्रॅकिंग हा शब्द लिहिला तेव्हा मी वहीत तो लिहिलाच नाही. याला नाव असेल असं मला वाटलं नव्हतं. फरक एकच होता. नेमकं काय धरलं होतं हे प्रोग्रामच्या लक्षात राहतं. तुम्ही धरलेलं आणि सिद्ध झालेलं एकत्र कालवायचात, आणि मग एका चुकीसाठी सगळं वर्तुळ उठवायचात. तुम्हाला त्याचा कंटाळा कसा यायचा नाही, हा माझा प्रश्न आहे.

तो या वर्षी पुन्हा वर आला तो मम्मीमुळे. तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते. मम्मीला अनुकंपावर तुमच्याच कार्यालयात शिपाई म्हणून घेतलं, हे तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही. तुमच्या टेबलावर आता जो बसतो त्याला ती पाण्याचा ग्लास नेऊन द्यायची. तुमच्याबरोबर चहा प्यायलेली माणसं चहाची वेळ झाली की घंटी वाजवायची. लिपिक होण्यासाठी खात्याची परीक्षा असते, आणि वयाच्या अटीमुळे हा तिचा शेवटचा प्रयत्न होता. बाकीचे विषय तिला येत होते. बुद्धिमत्ता चाचणीत ती अडायची, आणि तिथेही बैठक व्यवस्थेला.

मी तिला तक्ता शिकवला. तिने तो नीट आखला आणि पहिल्याच कोड्याला पेन खाली ठेवलं. एका कुटुंबातले सहा जण गोल टेबलाभोवती बसले होते. सासू, सासरे, दोन मुलगे, दोन सुना. सासऱ्यांसमोर सासू, थोरल्यासमोर धाकटा, असं करत शेवटी सुनांसाठी दोन जागा उरल्या, आणि त्यातली एक सासऱ्यांना लागून होती.

‘हे कोडंच चुकलंय,’ ती म्हणाली.

‘कुठे चुकलंय?’

‘सासऱ्याच्या शेजारी सून बसवलीय. असं कुठं असतं का? सायखेड्याला तुझ्या आजोबांसमोर मी कधी खुर्चीला हात लावला नाय.’

तिने सासूला उचलून सासऱ्यांशेजारी बसवलं होतं आणि पहिली सूचना मोडली होती.

‘मम्मी, ही माणसं नाहीत. अक्षरं समज.’

‘मग अक्षरंच द्यायची ना! सासरे कशाला म्हणायचं? पेपर काढणाऱ्याला घरदार नाय वाटतं.’

मला हसू आलं, पण मी त्यावर बरेच दिवस विचार करत होते. तिचं म्हणणं पूर्ण चुकीचं नव्हतं. शब्द दिला की त्याच्याबरोबर बाकीचंही येतं, आणि ती ते सगळं सूचना म्हणून वाचत होती. म्हणजे कागदावर नसलेली गोष्ट तीही धरत होती आणि तुम्हीही. पण तुम्ही धरलेला माणूस सांगितलं की उठायचा. तिने धरलेला उठत नव्हता, कारण आपण काही धरलं आहे हेच तिला दिसत नव्हतं. मी काहीच धरत नाही. तिघांपैकी कोण जास्त लांब जातं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

शेवटी मीच वाट्या काढल्या. जो सूचनेने पक्का झाला त्याची वाटी सरळ. ज्याला नुसतं धरलं त्याची उपडी, कपटा वर ठेवून. कोणालाही बसवण्याआधी तिने सांगायचं, सरळ की उपडी. ‘उपड्या वाटीला वाढू काय?’ असं ती पहिले दोन दिवस म्हणाली. नंतर तिच्या लक्षात यायला लागलं. सासऱ्यांशेजारची सून तिने स्वतः उलटी-सुलटी करून पाहिली आणि नाराजीने सरळ केली. ‘बसू दे,’ म्हणाली. ‘टेबल त्यांचं आहे.’

परीक्षा पंचवटीतल्या एका कॉलेजात होती. मी गेटबाहेर गाडीवर थांबले होते. ती आली तेव्हा मी पेपर कसा गेला हे विचारलं नाही.

‘बैठक व्यवस्था आली होती?’

‘आली होती. आठ जण. चौघांची तोंडं आत, चौघांची बाहेर.’

‘मग?’

‘मग काय, म्हटलं, बसा तुम्ही निवांत. मी पुढं गेले.’

‘सोडलंस?’

‘तेवढ्या वेळात दुसरी दहा होतात. तोंडं फिरवून बसलेल्यांना मी कशाला बसवू?’

पूल ओलांडेपर्यंत मी गाडी जरा जोरातच चालवली. मला राग आला होता. कोडं न सोडवणं हीसुद्धा एक पद्धत आहे, हे तिघांपैकी फक्त तिला सुचलं, आणि ते मला ती पास झाल्यावरही पटकन मान्य करता आलं नाही. ती पास झाली, पप्पा. वरच्या मजल्यावर आवक-जावकला बसते. पहिल्या दिवशी चहा टेबलावर आला, तर घेऊन येणाऱ्यासाठी ती उठून उभी राहिली. घरी आल्यावर स्वतःच सांगितलं आणि हसली.

प्रश्नपत्रिका तिने घरी आणली होती. त्या आठ जणांना मी तक्त्यात बसवलं. उत्तर पर्यायांत होतं. मग तुमच्या पद्धतीने करून पाहिलं आणि जमलं नाही. मी ज्याला धरते तो बरोबरच बसतो, कारण फुल्या मनात आधीच मारून झालेल्या असतात. चुकायला मला कोणीतरी समोर लागतं.

याचं उत्तर येणार नाही आणि हे मी कुठे पाठवणारही नाही. कामाच्या लॅपटॉपवर लिहिलं आहे, जपून ठेवेनच असं नाही. तुमची पद्धत मला समजलेली आहे, कॉलेजातच समजली होती. पण मला नुसतं कोणाला लिहिता येत नाही. आधी काहीतरी विचारायचं असावं लागतं.