पडद्याच्या कडा

७ सप्टेंबर, रविवार

परत सांडलं. ब्रश बुडवायला हात नेला तर पाण्याचा डबा तिथं नव्हता. म्हणजे होता, वीतभर अलीकडे. चित्रातल्या गरुडच्या छातीवरचं सगळं चिलखत वाहून गेलं. तीन रविवार घालवले होते त्याच्यावर.

आई आतून म्हणाली, "बत्तीस वर्षाची घोडी, अजून पाणी सांडती." धाकट्या क्रांतीनं फडकं आणून दिलं. लग्न ठरल्यापासून ही पोरगी बोलतच नाही फारसं.

'लोहगरुड' सिनेमाचा तिसरा भाग दसऱ्याला येतोय. नऊ वर्षं झाली मला या नादाला लागून. पहिला भाग मी थेटरात सात वेळा बघितला, सातही वेळा शिट्टी मारली. पिराजीदादा म्हणजे आमच्या फॅन ग्रुपचा अध्यक्ष, रिक्षा चालवतो. ग्रुपमध्ये मी एकटीच बाई. तिसऱ्या भागासाठी थेटरासमोर आठ फुटी गरुड लावायचा, छापलेला नाही, हातानं रंगवलेला, असं त्यानं जाहीरच करून टाकलंय. रंगवणार कोण, तर मी.

उद्यापासून डबा उजव्या गुडघ्याला टेकवून ठेवायचा.

१४ सप्टेंबर, रविवार

आदितीबरोबर दुपारचा शो. आमचा दोघींचा ठरलेला रविवार. कॉलेजपासून चालू आहे. चातुर्मासात ती सूर्यास्ताच्या आत जेवते, म्हणून या दिवसांत दुपारचाच शो. सिनेमा कसला होता कुणास ठाऊक. भुताचा होता, पण विनोदी.

जाहिराती लागल्यावर आत गेलो. दारातून आत पाऊल टाकलं आणि अंधार. नुसता काळ्या कापडासारखा. आधी पाच मिनिटांत दिसायला लागायचं. आज नाहीच दिसलं. हातानं खुर्च्यांच्या पाठी चाचपत गेले आणि एका बाईच्या मांडीवर जाऊन बसले.

"ओ, डोळं फुटल्यात व्हय?" ती म्हणाली.

आदिती इतकी हसली की तिला ठसका लागला. मीही हसले. बाहेर आल्यावर रंकाळ्यावर भेळ खाल्ली, तेव्हा पण ती तेच काढून हसत होती. मीही.

आज आणखी एक लक्षात आलं. हिरॉईनचा चेहरा दिसतो तेव्हा खालची अक्षरं दिसत नाहीत. अक्षरं वाचायला गेलं की चेहरा जातो. मला वाटायचं मागच्या रांगेत बसलं की सगळं मावेल. आज मागेच बसलो होतो.

१६ सप्टेंबर

स्कूटीनं एका म्हशीला घासून गेले. म्हैस. एवढी मोठी.

२० सप्टेंबर, शनिवार

दूध संघाच्या ऑफिसमधून अर्धा दिवस रजा काढली. घरी सांगितलं, चष्म्याचा नंबर काढायला जाते.

दवाखान्यात एक मशीन आहे. आतून पांढऱ्या पातेल्यासारखं. हनुवटी टेकवून आत बघायचं, बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी बसले. दोन-चार दिवे चमकले, मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. म्हटलं, "मॅडम, मशीन बंद पडलं वाटतं."

ती म्हणाली, "न्हाय हो, चालूच हाय."

डॉक्टर बरे होते. कागदावर आजाराचं नाव लिहून दिलं, लांबलचक इंग्रजी नाव. म्हणाले, "नळीतून बघितल्यासारखं दिसतंय तुम्हाला. नळी हळूहळू बारीक होत जाणार." औषध विचारलं. म्हणाले, "सध्या तरी नाही." किती दिवस, विचारलं. म्हणाले, ते सांगता येत नाही, कुणाला पन्नाशीपर्यंत थोडं राहतं, कुणाला चाळिशीतच जातं. गाडी आजपासून बंद.

मग विचारलं, "आई-वडील नात्यातले का?"

"व्हय. आई म्हणजे आण्णांच्या सख्ख्या मामाची मुलगी."

त्यांनी मान हलवली. "भावंडं?"

"एक बहीण. धाकटी."

"तिला एकदा घेऊन या. बहीण-भावात असू शकतं हे. चारात एक, एवढी शक्यता धरा."

स्कूटी ढकलत घरी आणली. आईला सांगितलं, पंक्चर आहे.

२१ सप्टेंबर, रविवार

आदितीला कळवलं, अंगात कणकण आहे. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडले.

२४ सप्टेंबर, बुधवार

क्रांतीचं लग्न सात डिसेंबरला. मुलगा विजयसिंह, गडहिंग्लजचा. पॉलिटेक्निकला शिकवतो. मोकळा आहे, हसतो, आण्णांना वाकून नमस्कार करतो. आमच्या घरात एवढी चांगली गोष्ट बऱ्याच वर्षांत झालेली नाही. मला तर तीनदा पाहून नाकारलं. एकानं सांगून नाकारलं — मुलीला सिनेमाचा नाद फार आहे. त्याचं वाईट वाटलं नव्हतं. खरंच होतं ते.

आज आण्णा पहिली पत्रिका ठेवायला जोतिबाला जाऊन आले. कपाळावर, शर्टाच्या कॉलरवर गुलाल. पत्रिकेत खाली लहान मुलांच्या नावानं 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' छापतात, त्या जागी काय छापायचं म्हणून आई अडून बसली होती, शेवटी माझं नाव घातलं. घरात लहान मूल नाही.

क्रांतीला दवाखान्यात न्यायचं तर कारण सांगावं लागेल. कारण सांगितलं की आई कळवळणार, कोडोलीला आत्याला फोन करणार, आत्या आणखी कुणाला. घराण्यातच आंधळेपण आहे असं एकदा गडहिंग्लजला पोचलं की संपलं. आणि क्रांतीला काही नसलं तर? तिचं लग्न मी फुकट मोडणार.

डिसेंबरपर्यंत गप्प बसायचं. लग्न झालं की सांगू. हे लिहितानाच कळतंय, की लग्न झाल्यावर सांगणं जास्त वाईट आहे. तरी पण.

२८ सप्टेंबर, रविवार

पिराजीदादाच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गरुड पूर्ण केला. चार दिवस ऑफिस सुटल्यावर उजेड असेपर्यंत बसत होते. चेहरा फार छान आलाय. डोळ्यांत ती चमक, जबड्याजवळचा व्रण. मी कधीच एवढा चांगला चेहरा काढला नव्हता. समोर जे एक हातभर दिसतं तेवढं मी आता सगळा जीव लावून बघते, म्हणून असेल.

पिराजीदादा मागे सरकत सरकत पार रस्त्यावर गेला. तिथून बघितलं. मान तिरकी केली.

"काय झालं?" मी विचारलं.

"ताई, त्वांड एक नंबर. नाद न्हाय. पर ह्यो डावा पंख एवढा बारका का?"

मी पण रस्त्यावर गेले. तिथून सगळा दिसला. उजवा पंख घारीचा आणि डावा कोंबडीचा. मी दोन्ही पंख एकदमच कधी बघितलेच नव्हते. एक बघायचे, मग दुसरा.

म्हटलं, "स्टाइल आहे ती."

"आसल," तो म्हणाला. भला माणूस आहे. चहा सांगितला. कप खाली ठेवताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "पोरं हसतील गं. म्या फ्लेक्स छापायला टाकतो. तुजा आपल्या शेडमदी लावू."

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी नऊचा शो. हलगी, गुलाल, फ्लेक्सला हार. दोन पोरं अंगाला चंदेरी रंग लावून आली होती. मी आदितीच्या आधी पोचले आणि तिकिटं धरून उभी राहिले. कुणी तरी पाठीत धपका घातला.

"कवापासनं हात हलवतोय," आदिती म्हणाली. "तू बघालीस माझ्याकडं आणि ओळख न्हाय?"

"गर्दी होती गं."

"गर्दी? दहा फुटांवर उभारलो होतो मी."

आत जाताना दिवे चालू होते, म्हणून पायऱ्या ठीक गेल्या. गरुड आला तेव्हा सगळं थेटर उभं राहिलं. मीही. बोटं तोंडात घातली आणि शिट्टी निघेना. एका क्षणी तो विमानतळावर एकटा उतरतो आणि चारी बाजूंनी शत्रू येतात. सगळे ओरडायला लागले, "मागं बघ, मागं बघ." मी शोधत होते. मान इकडं फिरवली, तिकडं फिरवली. शत्रू मला दिसलेच नाहीत. रिकाम्या धावपट्टीवर उभा असलेला एक माणूस दिसत होता फक्त.

मध्यंतराला बाहेर पडताना पायरी चुकले. समोसे, चटणी, सगळं आदितीच्या नव्या ड्रेसवर. गुडघा फुटला. लोक गोळा झाले. ती लाल झाली होती.

"सकाळी सकाळी पिऊन आलीस का काय?" ती हळू आवाजात म्हणाली. चेष्टा नव्हती ती.

५ ऑक्टोबर, रविवार

आदितीचा फोन. भांडायला नव्हता, ते जास्त वाईट.

"मोने, तुला माझ्याबरोबर यायचं नसलं तर सांग की सरळ. आजारी हाय म्हणतीस. समोर असून बघत न्हाईस. मी बोलतो आणि तू तिसरीकडंच बघतीस. पंधरा वर्षं झाली आपल्याला. एवढं तरी सांगावं."

सांगणार होते. शब्द ओठापर्यंत आले होते. पण आदितीची मोठी काकू गडहिंग्लजमध्ये, बाजारपेठेत दुकान आहे त्यांचं. आदिती कुणाला सांगणार नाही. पण तिच्या आईला सांगेल, आणि आई काकूला, तेही काळजीनंच.

म्हटलं, "लग्नाची गडबड आहे गं."

"बरं," ती म्हणाली. फोन ठेवला.

१२ ऑक्टोबर, रविवार

एकटीच गेले. बघायचं होतं, एकटीला जमतं का. जाहिराती सुरू व्हायच्या आधी अर्धा तास आत जाऊन बसले. सिनेमा संपल्यावर सगळे जाईपर्यंत थांबले. झाडणारी बाई आली. "पावणं, संपलं की," म्हणाली. तिच्या मागोमाग बाहेर पडले.

जमतं म्हणायचं. पण मजा कसली? रविवार म्हणजे सिनेमा नव्हता फक्त. भेळेवरून भांडण, परत येताना सिनेमातल्या चुका काढणं, ते होतं सगळं. आता मी घड्याळ बघून आत जाते आणि घड्याळ बघून बाहेर येते. ऑफिसला जाते तशी.

१५ ऑक्टोबर

ब्रश धुतले, पुसले, डब्यात घातले. क्रांती दारात उभी होती. "का गं अक्का?" म्हणाली. म्हटलं, रंगाचा वास डोक्यात जातो.

१८ ऑक्टोबर, शनिवार

फॅन ग्रुपवर पिराजीदादानं माझ्या गरुडचा फोटो टाकलाय. फक्त चेहरा. पंख कापून. खाली सव्वाशे जणांनी हात जोडलेत. मी फोन उलटा ठेवला.

२६ ऑक्टोबर, रविवार

विजयसिंह दिवाळीचा फराळ घेऊन आला. जेवण झाल्यावर म्हणाला, "चला, पिक्चरला जाऊ. ताईंचा आवडता लागलाय म्हणं." चार वाजताचा शो.

क्रांती म्हणाली, "घरातच बसूया की."

आई म्हणाली, "जावा, जावा. मोना हाय की संगं."

वाटेत गर्दी लागली, पोचायला उशीर झाला. सिनेमा सुरू झालेला. विजयसिंह म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं, मी पॉपकॉर्न घेऊन आलो." आम्ही दोघी आत गेलो. तेच काळं कापड.

मी दारातच क्रांतीचा हात धरला. म्हटलं, आता हिच्या मागं मागं जायचं, तिला कळणार नाही. ती जागची हलेना. तिचा तळवा घामानं ओला झाला होता.

"चल की," मी म्हटलं.

"तू हो पुढं."

"तू लहान आहेस, तू हो."

"न्हाय. तू हो, अक्का."

तसल्या अंधारात आम्ही दोघी पहिल्याच पायरीवर उभ्या. मागून कुणीतरी म्हणालं, "ओ, सरका की, काय फोटो काढाय उभारलाय?" शेवटी टॉर्चवाला आला, त्यानं जागेवर नेऊन बसवलं. मग विजयसिंह आला. क्रांती त्याच्या पलीकडे बसली, मी अलीकडे.

हिनं मला ओळखलं. मुद्दाम पुढं घालत होती, मला दिसतं का ते बघायला. पूर्ण सिनेमाभर एवढंच डोक्यात. आता ही आईला सांगणार, किंवा त्याला. सहा आठवडे राहिलेत फक्त.

२७ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना क्रांती माझ्या मागं आली. मी तयारीत होते. म्हटलं, डिसेंबरपर्यंत तरी कुणाला सांगू नकोस, पाया पडते तुझ्या.

ती ओली साडी तशीच हातात धरून उभी राहिली. म्हणाली, "मी कुणाला सांगू, अक्का? मलाच दिवस मावळला की दिसत न्हाय. दोन वर्षं झाली. मला वाटलं, माझं तुला ठावं हाय, आणि माझं लगीन मोडू ने म्हणून तू गप हायस."