नातीच्या पोटातले पाहुणे

बाई, नात घरी आली. हे आधी सांगते, कारण उत्तरपत्रिकेत पहिल्या ओळीत उत्तर नसलं की तुम्ही पुढचं वाचतच नव्हता. तर उत्तर असं: माझ्या मुलीची मुलगी, सातव्या महिन्यात जन्मलेली, ओंजळीत मावेल एवढी, आता पाळण्यात हातपाय झाडत पडली आहे आणि तिचं पोट मऊ आहे. ‘पोट मऊ आहे’ हे लिहिताना मला हसू येतं आणि डोळेही भरतात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की ज्या कॉलेजात तुम्ही सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलंत, तिथल्या आताच्या पोरांना तुमचं नावही माहीत नसेल. पण ही बातमी सविस्तर सांगायला मला दुसरं माणूस सुचेना. बाकीच्या सगळ्या मॅडम होत्या, तुम्ही एकट्या बाई.

मी तेव्हा हातकणंगल्याहून रेल्वेनं कोल्हापूरला यायची. एकदा प्रॅक्टिकलला तुम्ही सगळ्यांना घरचं दही आणायला सांगितलंत. काचेवर थेंब पसरायचा, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. मी डबा टेबलावर ठेवला तशी शेजारच्या मुलीनं स्वतःचा डबा अलगद पलीकडे सरकवला. आम्ही बौद्ध आहोत हे वर्गात कुणी तोंडानं काढत नसे, पण डबे सरकायचे. तुम्ही ते पाहिलंत. माझी काच बघितलीत आणि सगळ्यांना हाक मारलीत, “या गं, हे बघा. जांभळ्या काड्या बघा, मण्यांच्या माळा बघा. ह्याला म्हणायचं दही!” उरलेला डबा तुम्ही पिशवीत घालून घरी नेलात, विरजणाला.

पुढे दिवाळीच्या सुमारास मी काही कामानं तुमच्या मंगळवार पेठेतल्या घरी आले. तुम्ही मला थेट स्वयंपाकघरात बसवलंत आणि ताकाचा पेला हातात दिलात. तुमच्या सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात तुम्ही म्हणालात, “तुझ्याच घरचं विरजण हाय गं हे. पावसाळ्यापास्नं सगळी खातोय. कुणाला काय झालंय काय?” परातीतला हात थांबला. मला वाटलं, आता काही खरं नाही. मग सासूबाई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या, “तरीच म्हटलं, औंदा दही आंबट कसं हुईना.” मला हसताना ठसका लागला आणि त्यांनीच पाठ थोपटली. त्या ताकानं माझी मान जेवढी ताठ झाली तेवढी पुढे कुठल्या पदवीनं झाली नाही. हे मी तुम्हाला तेव्हा सांगायला हवं होतं, पण तुमच्यापुढे असलं बोलायची सोय कुठे होती?

लाड मात्र तुम्ही कधी केले नाहीत. तोंडी परीक्षेत मी ऐटीत ‘चांगले जंतू’ म्हणाले आणि तुम्ही उसळलात. शिकवताना तुमची भाषा पुस्तकी, पण चिडलात की अस्सल. “चांगलं म्हंजे काय गं? कुणाच्या घरात चांगलं? आतड्यात चांगलं त्ये रगतात चांगलं हाय व्हय?” माझं तोंड एवढंसं झालं, मग तुम्हीच समजावलंत. शरीराची प्रतिकारशक्ती म्हणजे दारावरचा राखणदार. दिसेल त्याला मारणं हे त्याचं काम नव्हे, ओळखणं हे काम. आतड्यातले नेहमीचे जंतू त्याला बाळपणापासून शिकवतात, घरचं कोण आणि चोर कोण. ते शिकणं बिघडलं की तो पावण्यालाही बडवत सुटतो आणि त्या हाणामारीत घराच्याच भिंती सुजतात. आणि घरच कच्चं असलं तर भला पावणाही चुकून नको त्या खोलीत शिरतो.

पुढे मी दूध संघाच्या प्रयोगशाळेत जन्म काढला. दह्याचं विरजण तपासायचं, चांगलं असेल तर हो म्हणायचं, बिघडलं तर ओतून द्यायला लावायचं. निवृत्त झाल्यावर तर मला ऊतच आला. बचत गटात, महिला मंडळात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा मी बायकांना पोटातल्या जंतूंवर भाषण देत असे. ताटात जिलेबी थंड व्हायची, पण माझं संपायचं नाही.

आणि मग ही पोर आली. काचेच्या पेटीत ठेवलेली, अंगाला नळ्या, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्याच वयाच्या. त्यांनी आम्हाला बसवून सांगितलं की इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाचं आतडं सुजतं, कधी कधी त्याचा भाग सडतो आणि बाळ हाती लागत नाही. आईचं दूध हे सगळ्यात मोठं संरक्षण. त्याच्या जोडीला निवडक जंतूंचे थेंब दिले तर धोका कमी होतो असा अनुभव आहे. पण क्वचित तेच जंतू बाळाच्या रक्तात उतरू शकतात. देऊ का, ते तुम्ही सांगा. जावई माझ्या मुलीकडे बघायला लागले आणि मुलगी माझ्याकडे. “आई, तू सांग. तू हो म्हण, म्हणजे मी हो म्हणते.” आजवर मी दह्याला हो-नाही म्हणत होते, बाई. पोर काही ओतून देऊन पुन्हा लावता येत नाही.

मी डॉक्टरीणबाईंवर प्रश्नांची सरबत्ती केली. जंतू कुठल्या जातीचे, बनवतात कुठे, थंड ठेवता का, दुसरं काही मिसळलेलं नाही हे कोण तपासतं? त्या म्हणाल्या, “आजी, तुम्ही तपासणीला आलाय काय?” पण एकेक उत्तर त्यांनी दिलं. दोन ठिकाणी त्या सरळ ‘हे मला माहीत नाही’ म्हणाल्या, आणि तिथे माझा त्यांच्यावर विश्वास बसला. तरी तोंडातून हो निघेना. मी बाहेर आले, तर विहीणबाई बाकावर बसलेल्या, हातात छोटी डबी. त्या कबनूरच्या, जन्म यंत्रमागाच्या खडखडाटात गेलेला, त्यामुळे कुजबुजल्या तरी अख्ख्या मजल्याला ऐकू जातं.

“घरचं दही आणलंय. नुसतं बोट लावतो की जिभंला.”

“नको ओ. अजिबात नको.”

“का? तुमीच सांगतासा की, दह्यात चांगलं जंतू असत्यात म्हणून! आन् आत त्या डॉक्टरीणबाई जंतूच देणार हायत न्हवं? मग आमच्या घरच्या जंतूंनी काय पाप केलंय?”

माझीच भाषणं माझ्या गळ्यात आली. मी त्यांच्याशेजारी बसले आणि म्हटलं, “पाप न्हाय ओ केलं. दह्यात काय काय आहे ते आपल्याला दिसत नाही. तिच्या पोटाची भिंत अजून ओली आहे, दाराला कडी नाही. आत येणारा कोण, हे बघून, मोजूनच सोडायला पाहिजे. ते काम त्या बाईंचं. तुमचं नाही आणि माझंही नाही.” बोलले आणि मलाच ऐकू आलं. माझंही नाही! आजीनं फक्त एवढंच ठरवायचं होतं की ज्याला हे काम येतं त्याच्यावर भरवसा ठेवायचा की नाही. विहीणबाईंनी डबी पिशवीत टाकली, माझा हात धरला आणि आम्ही दोघी आत गेलो. मी मुलीला म्हटलं, हो.

काही दिवसांनी बाळाचं पोट फुगलं. दूध बंद, थेंब बंद, सलाइन सुरू. माझ्या ‘हो’नं पोर जाते की काय, एवढाच विचार डोक्यात. मुलगी मला एका शब्दानं बोलली नाही, त्याचाच जास्त त्रास झाला. मी बाकावर बसून आहे, विहीणबाई माझ्या पाठीवरून हात फिरवतायत, आणि भर दुपारी जावई दारातून ओरडत येतात, “केली! केली!” बाळानं शी केली होती. तपासण्या चांगल्या आल्या, पोट उतरलं, पुन्हा दूध सुरू झालं. शी केली म्हणून पेढे वाटलेले तुम्ही कधी पाहिलेत का? आमच्या विहीणबाईंनी वाटले, वॉर्डातल्या मावशींपासून रखवालदारापर्यंत. माझा जीव असा भांड्यात पडला की मी तिथेच बाकावर घोरायला लागले म्हणे.

हे पत्र मी कुठे टाकणार? आणि टाकायची सोय असती तरी टाकलं नसतं, कारण पुढचं वाचून तुम्ही लाल पेन काढला असता. बाळ थेंबांनी वाचलं, आईच्या दुधानं, डॉक्टरांच्या पहाऱ्यानं की स्वतःच्या चिवटपणानं, हे मला सांगता येत नाही. एकाच बाळावरून ते कुणालाच सांगता येणार नाही. पण विहीणबाई कबनूरभर सांगत फिरतात, “आमच्या विहिणीनं जंतू निवडून दिलं, म्हणून पोरगी वाचली.” यातलं एकही अक्षर खरं नाही, बाई. मी अजून त्यांना दुरुस्त केलेलं नाही. ऐकायला फार बरं वाटतं.