पालकाची सही

१४ जून, शनिवार
समाजाच्या गुणवंत सत्कारात आज माईक हाती आला. बारावीच्या पोरापोरींना सांगून टाकलं, बापाच्या खिशातून शिकायचे दिवस गेले. पदवी ज्याची, कर्जही त्याचंच. नोकरी लागली की फेडा, मग शिक्षणाची किंमत कळते. लय टाळ्या. पहिल्या रांगेत माझी रुद्राणी. तीही टाळ्या वाजवायली होती. बापाचा विचार पोरीला पटला, अजून काय पाहिजे?
शिवकुमारला डोनेशन भरून इंजिनिअर केलं, ते वेगळं. पोराचं वेगळं असतं. आता तो आमच्याच मोटारपंपाच्या दुकानात बसतो.

१६ जून
संकल्प : आजपासून चिडायचं न्हाई.
रुद्राणीला सांगितलं, इथंच परभणीत बीएस्सी ॲग्री कर. विद्यापीठ स्कूटीनं दहा मिनिटं, दुपारी जेवायला घरी. ती म्हणे, पुण्याला लॉ. पाच वर्षं! वकील पोरीला स्थळ कोण देणार? शांतपणेच विचारलं. शेजारच्या बायनाबाई काय झालं म्हणून बघायला आल्या, म्हणजे आवाज थोडा वाढला असेल.

१९ जून
रुद्राणी एज्युकेशन लोनची माहिती घेऊन आली. माझंच भाषण मला ऐकवायली. अगं, कर्ज तू काढायचंस, याबद्दल वादच न्हाई. पण कशासाठी काढायचं ते बाप ठरवणार. एवढी साधी गोष्ट, पोरीच्या डोक्यात शिरंना.
बायको, म्हणजे सिद्धम्मा, झेडपी शाळेत मास्तरीण हाय. ती मधेच म्हणाली, फिक्स डिपॉझिट हाय की आपलं. हाय. पण फिक्स हाय.

२३ जून
गुपचूप बँकेत जाऊन आलो. मॅनेजरसाहेब म्हणाले, पालक सहकर्जदार लागतो, त्याच्या सहीशिवाय फाइल हलत न्हाई. जीव भांड्यात पडला. आता बघतो कुठं जाते पुण्याला. स्वतःहून येऊन 'अप्पा, ॲग्रीला जाते' म्हणेपर्यंत पेनला हात लावायचा न्हाई. दुकानातल्या पावत्यासुद्धा शिवकुमारकडं दिल्या.

२ जुलै
अजून आली न्हाई. येईल. जेवताना समोर बसून दोनदा खाकरलो. तिनं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.
शिवकुमारनं तीन एचपीच्या मोटारीची पावती पाच एचपीची फाडली. इंजिनिअर! गिऱ्हाईक दुकानात येऊन भांडलं. मी चिडलो न्हाई. फक्त कॅल्क्युलेटर फुटला.

२१ जुलै
पुण्याच्या कॉलेजात तिचा नंबर लागला. शुक्रवारपर्यंत फी. सिद्धम्मानं पेढे वाटले. मीही खाल्ला, पेढ्याशी काय वैर? आता सही लागणारच. दुकान लवकर बंद करून घरीच बसलो. उगं पोरीला शोधत फिरायला नको.

२४ जुलै
कुणी शोधलं न्हाई. उद्या शेवटची तारीख आणि घरात सगळे निवांत! न राहवून बँकेत गेलो, फाइल कुठं अडकली म्हणून विचारलं. साहेब म्हणाले, मंजूर झालं, फीसुद्धा गेली. म्हटलं, आणि पालकाची सही?
"मॅडमनी केली की. पगारदार सहकर्जदार, आम्हाला अजून काय पाहिजे?"
पालक म्हणजे आईसुद्धा, हे आधी सांगायला काय झालं होतं यांना? वीस वर्षं सिद्धम्माचा पगार घरात येतो. पीठ-मीठ त्यातच भागतं, म्हणून कधी ध्यानातच आला न्हाई. घरी येऊन दोघींशी बोललो न्हाई. त्यांच्या लक्षात आलं की न्हाई, काय माहीत.

१० ऑगस्ट, रविवार
स्टेशनवर तिची बॅग मीच उचलली. सिद्धम्मा पाण्याची बाटली आणायला गेली तेव्हा सांगून टाकलं. एफडी मोडतो. कर्ज बंद कर, सगळी फी मी भरतो. ॲग्री नको तर नको, लॉच कर, पण परभणीत कर. समाजाला काय सांगायचं ते मी बघतो. जन्मात एवढं कुणापुढं वाकलो नव्हतो.
रुद्राणी पाया पडली. डोळे भरले होते तिचे, माझेही. म्हणाली, "अप्पा, फीचे पैसे तुमचे असते तर थांबलेच असते मी. पण पदवी माझी, कर्जही माझंच."
एरवी परभणीला ही गाडी दोन-दोन तास लेट असते. आज वेळेवर आली.