परिषद तुमच्याच वखारीत

सांगली,
१० नोव्हेंबर १९४६

ती. लालासाहेबदादांना बनूचा नमस्कार.

साताऱ्याची हवा वहिनींना मानवली, हे वाचून बरं वाटलं. इकडे पेठेतला पुराचा गाळ अजून निघतोच आहे. शाळेच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या; तिथे मुलींना शिकवते.

शेतकरी परिषदेची जागा ठरवणाऱ्या समितीत मी आहे, हे कळलं म्हणून तुमचं पत्र आलं. परिषद तुमच्या गुळाच्या वखारीच्या पटांगणात घ्यावी, मांडव-जेवण तुमचं, आणि मी शब्द टाकावा. म्हणजे लोकांच्या मनातलं किल्मिष जाईल, असं लिहिलंत.

मी शब्द टाकला. नाटकगृहाचं छप्पर पुरात कोसळलंय, शाळेच्या मैदानात चिखल आहे. उंचावरची कोरडी जागा तुमचीच. तरी कोंडीबा पैलवान म्हणाले, "बाई, त्या फाटकात म्या पाय ठेवणार न्हाई. माझी म्हातारी तिथंच ग्येली."

मी म्हटलं, "माझे मालकही तिथंच गेले. म्हणून तर तिथं घ्यायची."

मग कोंडीबांनीच आधी हात वर केला. जागा ठरली.

दादा, पुराच्या त्या सकाळी पाणी छातीला लागलं होतं. फाटकाचे गज धरून मी ओरडत होते, "आवं दादा, बनू हाय, कुलूप काढा." तुम्ही आत पायरीवर उभे होता. म्हणालात, "एकाला आत घेतलं तर सगळं गाव घुसंल. गूळ हाय आत." ह्यांनी सासूबाईंना खांद्यावर घेतलं होतं. मला लोकांनी लिंबावर ओढून घेतलं. ते दोघं कुणाच्या हाताला लागले नाहीत.

तुम्ही नंतर सांगत सुटलात, की मी तेव्हा साताऱ्यात होतो, कुलूप गड्यानं लावलं. तो बिचारा गडी, गुंडा, लोकांचा मार खाऊन गाव सोडून गेला. गजांशी मी होते, तुम्हाला मीच पाहिलं होतं. आपली आई होती तोवर तोंड मिटून राहिले. आता आई नाही.

स्वागताचं भाषण माझ्याकडे आहे. यजमान म्हणून तुमची खुर्ची पहिल्या रांगेत असेल. तुम्हाला हार मी घालीन आणि मग बोलायला उभी राहीन. गुंडाला म्हसवडहून बोलावून घेतलंय. तो तुमच्या शेजारी बसेल.

आला नाहीत तरी मी बोलणारच आहे. वहिनींना मात्र आणू नका. त्यांनी ते माझ्या तोंडून ऐकावं, असं मला वाटत नाही. त्यांना तुम्हीच सांगा, आणि परिषदेच्या आधी सांगा.

कै. मानसिंग यांची पत्नी,
बनुबाई