ड्रिलमध्ये राहिलेली चावी

सर, मी सध्या बंदुका दुरुस्त करते. खऱ्या नव्हेत, खेळातल्या. वडीगोद्रीच्या पुढं हायवेला लागून एका माणसानं मोसंबीची बाग मोडून मैदान केलंय. जालन्याहून, संभाजीनगरहून कॉलेजची पोरं येतात, तोंडावर मास्क चढवतात आणि हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीतून एकमेकांवर रंगाच्या गोळ्या मारतात. गोळी अंगावर फुटली की तो बाद. पेंटबॉल म्हणतात याला. माझं आणि नवऱ्याचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान तिथून जवळच आहे, म्हणून मालक त्याच्या बारा बंदुका आमच्याकडंच आणतो. तुम्हाला हे सांगितलं असतं तर तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असतात, "लोक पैसे देऊन मार खाऊन राह्यले का?"

गेल्या आठवड्यात मालकानं नवीन रबरी मुठी आणल्या. मूळच्या प्लास्टिकच्या मुठी घामानं निसटतात, अशी पोरांची तक्रार होती. काम दिसायला सोपं. आधी हवेची बाटली काढायची, आत उरलेली हवा रिकाम्या पोत्यात सोडायची, मग मुठीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या उघडायच्या. पण पट्टी निघाली की आतलं सगळं उघडं पडतं: नखाएवढी स्प्रिंग, दोन बारीक पिना. त्या पिनांना दुसरा कसलाच आधार नसतो, पट्टीच त्यांना दाबून धरते. बंदूक जरा कलली की पीन ओघळते आणि स्प्रिंग उडून कुठल्या कुठं जाते. मी खाली पांढरं फडकं अंथरूनच बसते. नवीन मुठी आतून पोकळ निघाल्या, पिनांना टेकतच नव्हत्या. म्हणून मी जुन्या ट्यूबच्या चकत्या कापल्या आणि प्रत्येक पट्टीच्या मागं चिकटवल्या. बाराही बंदुका झाल्या. मग एकीला हवा लावून पाहिली, तर ट्रिगर सोडला तरी गोळ्या सुटतच राहिल्या. पोतं लाल झालं. उघडून पाहते तर नव्या मुठीबरोबर आलेला स्क्रू एका आट्यानं लांब होता आणि त्याचं टोक आत स्प्रिंगला टेकत होतं.

मालक समोरच उभा होता. "ताई, एकीतच होऊन राह्यलं ना ते? ती बाजूला ठेवा. उद्या पोरं येऊन राह्यलेत."

"स्क्रू सगळ्यांत तेच आहेत. बाराही उघडते. सगळे घासून आखूड करावे लागतील."

"अहो, मास्क असतात की तोंडावर."

"मास्क वर करून घाम पुसतात पोरं. मी पाह्यलंय."

"तुम्ही भी ना ताई! एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्यामुळं एका माणसाचा डोळा गेला."

तो हळू आवाजात म्हणाला, "कोणाचा?" मी म्हटलं, "माझ्या सरांचा." तो एक स्टूल ओढून बसला आणि मी घासलेले स्क्रू एकेक करून डबीत टाकू लागला. सर, हे वाक्य मी चोवीस वर्षांत पहिल्यांदा बोलले, तेही ज्याला तुमचं नावसुद्धा माहीत नाही अशा माणसापुढं.

आयटीआयच्या फिटरच्या वर्गात वीस पोरं होती आणि मी एकटी. पहिल्याच दिवशी मागून कुणीतरी हसलं, तेव्हा तुम्ही माझ्या हातात कानस दिलीत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "घासायला लाग. बाई हाय का माणूस, लोखंडाला काही कळत न्हाई." दुपारी डब्यातली अर्धी भाकर माझ्यापुढं सरकवायचात, कारण मी घनसावंगीहून पहाटेच निघते हे तुम्हाला ठाऊक होतं. रागावलात फक्त एकदा. मी पट्टीचं माप न घेताच भोक पाडलं होतं. "घाई कशाची करून राह्यली? मशीन कुठं पळून चालली का?" दिवसभर माझ्याशी बोलला नाहीत, आणि संध्याकाळी स्वतःच माझ्या शेजारी उभं राहून दुसरी पट्टी आखून दिलीत.

त्या संध्याकाळीही ड्रिल मशीनवर शेवटची मीच होते. भोक पाडायचं बिट बदललं, ते धरून ठेवणारा चक चावीनं आवळला. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं की घनसावंगीची गाडी लागली. मी हात पुसत पळाले. आजवर जे थोडं माझ्या मनाशी बोलले, त्यात मी नेहमी 'विसरले' असाच शब्द वापरला. पण मी विसरले नव्हते, सर. फाटकापाशी मला आठवलं होतं की चावी चकमध्येच आहे. परत शंभर पावलं जायचं होतं. मी मनात म्हटलं, सकाळी पहिल्यांदा तेच करीन. आणि गाडीत चढले.

सकाळी गाडी उशिरा पोचते. मी वर्कशॉपच्या दारात येते तर सगळे मशीनभोवती गोळा झालेले. तुम्ही पोरांना काहीतरी दाखवायला बटन दाबलं होतं, आणि फिरत्या चकमधून चावी उडाली होती. तुम्ही खाली बसलेले आहात, डावा डोळा तळहातानं झाकलेला, बोटांमधून रक्त येतंय, आणि तरी तुम्हीच बाकीच्यांना धीर देताय. "काही न्हाई, काही न्हाई. चावी माझ्याच हातानं राह्यली." कुणीतरी माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला. मी तुमच्या हातावर पाणी ओतलं. तुम्ही मान वळवून माझ्याकडं पाहिलंत, एका डोळ्यानं. मी काही बोलले नाही.

तुम्हाला माहीत होतं का, हे मला अजून ठरवता येत नाही. आदल्या दिवशी शेवटी कोण होतं ते तुम्ही पाहिलं असणारच. दोन महिन्यांनी परत आलात तेव्हाही माझ्याशी वागणं तसंच. शेवटच्या दिवशी तुमचा लाकडी मुठीचा पेचकस मला दिलात. "तुझा हात सफाईचा हाय. ठेव." मी खाली मान घालून घेतला. त्या वेळी बोलायला हवं होतं. वर्कशॉपमध्ये आपण दोघंच होतो.

तुम्ही गेल्याचं मला उशिरा कळलं. महिनाभरानं मी भोकरदनला तुमच्या घरी गेले. तुमच्या बाईंनी मला स्वयंपाकघरातच बसवलं, स्टोव्हवर चहा ठेवला. ओट्याच्या कडेला तुम्ही ठोकलेली फळी होती, तिच्यावर डबे उंचीप्रमाणं लावलेले. मी एवढंच सांगितलं की मी त्यांची विद्यार्थिनी. बाई चहा गाळता गाळता म्हणाल्या, "मी त्यांना लई बोलले गं. जन्मभर बोलले. दुसऱ्याला शिकवता अन् सोताला एवढं कळत न्हाई का, म्हणायची. पोरीचं लग्न ठरेना तवा भी तेच काढलं, बापाचा डोळा असा म्हणून. एकदा भी उलटून बोलले न्हाईत. चुकलं माझं, एवढंच म्हणायचे." मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "एवढा ध्यान देणारा माणूस, अन् असा कसा चुकला? मला अजून समजत न्हाई."

चहा गरम होता, तो मी तसाच गिळला. कप विसळून ठेवला आणि बाईंच्या पाया पडून निघाले.

त्यालाही आता अकरा वर्षं झाली. बाई आहेत. एका वर्गमित्रानं सांगितलं की आता मुलीकडं राहतात, कान मंदावलेत, पण जवळ बसून बोललं तर ऐकू येतं. पत्ताही त्यानं दिलाय. आज बंदुका परत केल्यावर मी कागद घेऊन बसले ते खरं तर बाईंना लिहायला. दोन ओळी लिहिल्या, फाडल्या, आणि वर 'सर' लिहिलं. तुम्हाला लिहिणं सोपं आहे. तुम्ही तर मला तेव्हाही काही विचारलं नव्हतं.