बारा फोटोंत सातपुडा

२४ ऑक्टोबर १९७१, रविवार
ठरलं. कुंदाच्या लग्नाला रेल्वेनं जायचं नाही. मेहुणीचं लग्न आहे म्हणून सगळं जग इटारसीला गाडी बदलून अमरावतीला जाईल. जाऊ दे. मी बाय रोड जाणार. तिलवारा घाट, लखनादौन, सिवनी, छिंदवाडा, मग सातपुडा उतरून वऱ्हाडची सपाटी आणि दोन्हीकडे फुटलेला कापूस. असे फोटो जबलपुरात आजवर कोणी काढले नसतील. काढले असले तरी लाइटचं कोणाला कळतं?

विनताला सांगितलं. ती म्हणाली, चांगली रेल्वे असताना काहून एवढा खटाटोप करून राहिले? तीन वर्षं माहेरचं तोंड पाहिलं नाही, आता बहिणीचं लग्न तरी चुकवू नका. म्हटलं, लग्न सात डिसेंबरला, आपण चार दिवस आधी पोचू. कलेच्या बाबतीत बायकोशी वाद घालायचा नाही, असं ठरवलं आहे.

२६ ऑक्टोबर
सासऱ्यांना कळवून टाकलं. लग्नाला बाहेरचा फोटोग्राफर सांगू नका, घरचा आहे. त्यांनी एक जण बोलून ठेवला होता म्हणे. त्याला नाही म्हणून सांगा, असं बजावलं. असले लोक सगळ्यांना भिंतीला टेकवून उभं करतात आणि त्याला फोटो म्हणतात.

३१ ऑक्टोबर, सकाळ
प्रॅक्टिस जोरात. कॅमेरा सदर बाजारातल्या एका रिटायर्ड मेजरसाहेबांकडून घेतलेला, जर्मन. बाजारात रोल मिळत नाहीत. जवळ एकच आहे, त्यात बारा फोटो. म्हणून रोल न घालताच प्रॅक्टिस करून राहिलो. फ्रेम धरायची, श्वास रोखायचा, क्लिक. आज पाण्याची टाकी घेतली, कॉलनीचा पिंपळ घेतला, कपडे वाळत घालणारी विनता घेतली. तिनं केस सारखे केले आणि विचारलं, कधी मिळेल? म्हटलं, रोल नाही. ती बादली उचलून आत गेली. कॉम्पोझिशन उत्तम होतं.

बारा फोटोंची वाटणी केली. पहाड सात, सपाटी चार, लग्न एक. एका ग्रुपात सगळे मावतात.

७ नोव्हेंबर
गाडीचं जमलं. शेजारच्या रत्नाकरनं मिलिटरीच्या लिलावात डिस्पोजलची जीप घेतली आहे. तो आमच्याच मिलिटरी गाड्यांच्या फॅक्टरीत, मशीन शॉपला. म्हणाला, यार, ही ग्वारीघाटच्या पुढं कधी गेली नाही, तू अमरावती म्हणतो! म्हटलं, कोणीतरी तिला सवय लावायला पाहिजे ना. बदल्यात मी ती रंगवून द्यायची. माझ्यासारखा पेंट शॉपचा माणूस शेजारी असून जीप अशी गंजलेली, हे मलाच बघवत नव्हतं.

चालवणं मला येतं. म्हणजे शिकलो होतो.

१४ नोव्हेंबर, रविवार
रंग झाला. ड्रमच्या तळाशी उरतो तो फॅक्टरीचा हिरवा. आमच्या कॉलनीच्या लाइनीत खाटा, बादल्या, दारं, विनताची ट्रंक, सगळं त्याच हिरव्यातलं, त्यामुळे कोणाला नवल नाही. रत्नाकर मात्र म्हणाला, अरे भैया, ही तर पुन्हा फौजेत भरती झाली! त्याला समजावलं की नेचर फोटोग्राफीत गाडी झाडीत मिसळून गेली पाहिजे, जनावरं बिचकत नाहीत. तो म्हणाला, जनावरांचं जाऊ दे, दिवस कसे आहेत ते बघ, सीमेवर रोज काही ना काही चालू आहे. रत्नाकर चांगला माणूस आहे, पण दृष्टी नाही.

२७ नोव्हेंबर, सकाळ ७
रजा सुरू. निघालो नाही. आभाळ आहे. अशा लाइटमध्ये डोंगर पापडासारखे चपटे येतात. विनता ट्रंक भरून, लुगडं नेसून ओट्यावर बसली होती. तिनं विचारलं, लग्नाला जायचं आहे का आभाळ पाहायला? मी अंगणात जाऊन पुन्हा आभाळ पाहिलं.

२९ नोव्हेंबर
ऊन काय सुंदर! जीप सुरू झाली नाही.

१ डिसेंबर
सुरू झाली. चौकापर्यंत गेली आणि बंद पडली. ढकलत आणली. रत्नाकर रात्रपाळी करून आला होता, तरी बिचारा कार्ब्युरेटर खोलून बसला. बसू दे, जीप त्याचीच आहे.

विनता म्हणाली, मी एकटी रेल्वेनं जाते, तुम्ही या तुमच्या पहाडांतून. तिला एकटीला कशी सोडणार? शिवाय वाटेत धक्का द्यायला कोण?

४ डिसेंबर, पहाट
लढाई लागली. काल रात्री रेडिओवर ऐकलं. अख्खी कॉलनी काळोखात. रत्नाकर सांगून गेला की सकाळी सगळ्यांच्या रजा रद्द होणार, तू इथंच थांब, वहिनींना मी इटारसीच्या गाडीत बसवून देतो. विचार केला. ऑर्डर अजून माझ्या हातात पडलेली नाही. जी ऑर्डर हातात पडलेली नाही ती मोडली असं कोणी म्हणू शकत नाही. जीप काल रत्नाकरनं सुरू करून दिली आहेच, उजाडायच्या आत निघायचं.

सरकारी सूचनेप्रमाणे हेडलाइटचा वरचा अर्धा भाग काळा रंगवला. नियम म्हणजे नियम.

४ डिसेंबर, दुपार. तिलवाऱ्याची पोलीस चौकी
झाला प्रकार शांतपणे लिहून ठेवतो, कारण पुढे मला कोणी विचारलंच तर.

पुलावर पोचलो तेव्हा नर्मदेवर धुकं होतं आणि त्यातून ऊन नुकतंच फुटत होतं. अहाहा! असा लाइट दहा वर्षांतून एकदा. जीप थांबवली. रोल सिवनीच्या पुढे घालायचा होता, इथं नुसती रिहर्सल. कठड्याला टेकलो, पुलाच्या कमानी धरल्या, श्वास रोखला, क्लिक. त्याच वेळी मागून कोणीतरी मान धरली. दोन होमगार्ड आणि एक हवालदार. विनता जीपमधून ओरडली, मी सांगत होते ना, पूल नका काढू!

चौकीवर नेलं. तिथल्या इन्स्पेक्टरचं म्हणणं असं. लढाईचा पहिला दिवस. मिलिटरी रंगाची जीप, नंबर मात्र मिलिटरीचा नाही. काळे दिवे. खिशात फॅक्टरीचा पास. आणि माणूस पुलाचा फोटो काढून राहिला. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे कारण होतं, पण तो एकेक करून ऐकायलाच तयार नाही. म्हणाला, रील निकालो. म्हटलं, आत नाहीच. कॅमेरा उघडला, आत खरंच काही नाही. तर तो जास्तच भडकला, कहाँ छुपाई? जीपच्या सीटा उपटल्या. शेवटी विनताच्या ट्रंकेत, शालूच्या घडीत, रोल सापडला. सील न फोडलेला.

मग त्यानं विचारलं, बिना रील के पुल पर क्या कर रहे थे? मी म्हणालो, प्रॅक्टिस.  त्यानं विनताकडे वळून विचारलं, बहनजी, ये सच में फोटो खींचते हैं? विनता म्हणाली, साहब, मेरे सामने तो आज तक एक भी नहीं खींचा. तुळशी की कसम.

चौकीतले सगळे हसले. हवालदारानं मला चहा दिला. म्हणजे तिच्यावर त्यांचा विश्वास बसला.

पण सोडेनात. फॅक्टरीतून कोणी येऊन ओळख पटवली पाहिजे म्हणे. विनतानं ट्रंक पुन्हा भरली. इन्स्पेक्टरनं स्वतः तिला पोलिसांच्या गाडीतून स्टेशनवर पोचवायची व्यवस्था केली. जाताना ती एवढंच म्हणाली, मी जाते, तुमचं तुम्ही बघा. मी तिला विचारलं, रोल घेतला ना बरोबर? ती गाडीत जाऊन बसली.

५ डिसेंबर
काल संध्याकाळी आमचे साहेब चौकीवर आले. जीपजवळ थांबले, नखानं रंग खरवडून पाहिला, वास घेतला. त्यांनी आधी रंग ओळखला, मग मला.

रजा रद्द. रंगाबद्दल लेखी जबाब. रोज बारा तासांची शिफ्ट. जीप चौकीवरच अडकली आहे आणि रत्नाकर बोलत नाही. एवढी हिरवीगार करून दिली त्याचं काहीच नाही.

७ डिसेंबर
आज कुंदाचं लग्न. मुहूर्ताच्या वेळी स्प्रेगन हातात होती, समोर गाड्यांची रांग. एकदम वाईट वाटलं. सासऱ्यांनी तो दुसरा फोटोग्राफर रद्द केला असेल. माझ्या शब्दावर विसंबून बसलेला माणूस. निदान त्यांनी आयत्या वेळी कोणाला तरी पकडलं असेल. पकडलंच असेल. असले लोक अमरावतीत गल्लोगल्ली असतात.

१५ डिसेंबर
विनता आली. मी विचारायच्या आधीच तिनं सांगितलं. फोटो नाहीत. एकही नाही. पोचल्याबरोबर ती मामांना घेऊन तीन स्टुडिओ फिरली. लग्नसराई, कोणी मोकळा नाही, एक होता तो ब्लॅकआउटमुळे रात्रीच्या वरातीला यायला तयार नाही. कुंदा नवऱ्याबरोबर निघाली तेव्हा माझ्या सासूबाई म्हणाल्या, पोरीचा या साडीतला एक तरी असता. दिवाणखान्यात त्यासाठी खिळाही मारून ठेवला होता.

आणि माझं काय सांगितलंस? विनता म्हणाली, सांगितलं की लढाईच्या कामासाठी फॅक्टरीनं सोडलं नाही. मग काय! भर मांडवात तिच्या काकांनी उठून भाषण केलं, देशासाठी मेहुणीचं लग्न सोडणारा जावई. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी शाल आणि नारळ पाठवला आहे. मी जरा वेळ विचार केला. खरं म्हणजे बारा तास उभं राहून मी लढाईच्याच गाड्या रंगवून राहिलो आहे. त्यात खोटं काय? असं म्हणालो तर विनता शाल माझ्या अंगावर टाकून स्वयंपाकघरात गेली. तिथून म्हणाली, एक खोटं मी बोलले, आता तुम्ही गप्प बसा.

१९ डिसेंबर, रविवार
लढाई संपली. जिंकलो. आज पहिली सुट्टी.

सासऱ्यांनी जावयाचा फोटो मागितला आहे. त्या खिळ्यावर लावायला. घरात माझा एकही फोटो निघाला नाही, म्हणून विनता मला सदरला स्टुडिओत घेऊन गेली. तिथं स्टुलावर बसवलं, शाल नीट केली. मागं पडदा होता. निळे पहाड, खाली नागमोडी रस्ता, दोन्हीकडे शेतं आणि कोपऱ्यात एक झोपडी. रंगकाम कच्चं. फोटोग्राफरला सांगणार होतो की एवढा लाइट समोरून नको, तर तो म्हणाला, साहब, हिलिए मत.

मग तो विनताला म्हणाला, भाभीजी, आप भी बैठ जाइए, जोड़ी का अच्छा आएगा. ती दाराशी उभी होती. पडद्यावरच्या पहाडांकडे बघून म्हणाली, नको, मी तिकडं जाऊन आले. यांचाच काढा.