दादाचं ‘स्लाइट’

३ मार्च
“स्लाइट खाली!” — दिवसभर कानात तेच. दादा खाली वॉकीटॉकी घेऊन, मी वर क्रेनच्या केबिनमध्ये. भिंतीपलीकडचं मला काही दिसत नाही. त्याचे डोळे तेच माझे डोळे. आमच्या कामात स्लाइट म्हणजे बोटभर. शिकलेले काय वाटेल तो अर्थ करोत, लोखंड बोटभरच उतरवायचं!

५ मार्च
घरी मात्र दादा हाच शब्द वाटेल तसा ताणतो. हातावर टपोरे फोड आले — “स्लाइट चटका बसला.” वहिनी रागावून माहेरी गेली — “स्लाइट कुरबुर.” महिनाभर आली नाही ती! आम्ही सगळे हसलो होतो तेव्हा.

९ मार्च
जेवताना म्हणाला, “हल्ली स्लाइट धूसर दिसतं.” म्हटलं, चष्मा बदल. आणि भाजी वाढून घेतली.

१२ मार्च
“येऊ दे, मोकळं आहे,” म्हणाला. मोकळं नव्हतं! बीम भिंतीला घासला. खाली गवंडी होता — बाजूला उडी मारली म्हणून वाचला. दादा म्हणे, “स्लाइट अंदाज चुकला.”
त्या दिवशी जेवताना त्याचं ‘स्लाइट धूसर’ मी बोटभरच धरलं. कामावरचं माप घरी लावलं. कसली अक्कल माझी!

१३ मार्च
कामावर गेले, पण वर चढले नाही. सरळ इंजिनिअरला सांगितलं — दादाला दिसत नाही. ज्याने मला क्रेन शिकवली, “बाईमाणसाचं काम नाही” म्हणणाऱ्यांशी जो माझ्यासाठी भांडला, त्याच्याच पोटावर पाय दिला मी. इंजिनिअरने त्याला घरी बसवलं. “घरचा भेदी,” एवढंच म्हणाला. रडले खूप. पण उद्या पुन्हा वेळ आली तर हेच करीन.

१४ मार्च
अबोला. वहिनी म्हणते, “बोलतील हो, जातात कुठे!”

१६ मार्च
डोळ्यांच्या दवाखान्यात मीच नेलं. समोरासमोर बसलो होतो, गुडघ्याला गुडघा लागेल असे. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि हा विचारतो, “गप्प का गं, चिंगे? रागावलीस?”
“दादा, मी तरी दिसते ना रे?”
“दिसतेस की,” म्हणाला. “स्लाइट.”